पाटावरची वीज

सिंदफणा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते आणि मंजरथला गोदावरीत मिसळते. वाटेत माजलगावजवळ तिला अडवलं आहे. 1987 साली पूर्ण झालेलं हे धरण साडेसहा किलोमीटर लांब, उंचीला मात्र जेमतेम 31 मीटर. मुलूखच सपाट, त्यामुळे पाणी खोल न साठता पसरतं आणि उन्हाळ्यात त्याची वाफही तितकीच होते. पैठणचा उजवा कालवा याच तलावात येऊन पडतो, म्हणून इथे गोदावरीचंही पाणी असतं.

धरणातून निघणाऱ्या उजव्या कालव्याच्या मुखाशी सव्वादोन मेगावॅटचं छोटं वीजकेंद्र आहे. कोयनेच्या 1,960 मेगावॅटपुढे हा आकडा किरकोळ. पण पाण्यातून किती वीज निघेल हे ठरतं पाणी किती आणि पडतं किती उंचीवरून, यावर. हजार लिटर पाणी दहा मीटर खाली आलं की 98 हजार ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे यंत्रातली घट सोडून दिली तरी एका युनिटला 37 हजार लिटर, जवळपास चार टँकर पाणी लागतं. कोयनेचं पाणी कोकणात पावणेपाचशे मीटर कोसळतं. तिथे युनिटमागे हजार लिटरही पुरतात.

म्हणूनच माजलगावात निव्वळ विजेसाठी पाणी सोडणं परवडणार नाही. शेतीचं आवर्तन सुटलं की जाता जाता टर्बाइन फिरतात, आणि मला हीच व्यवस्था शहाणपणाची वाटते. टर्बाइन थेंबभरही पाणी पीत नाही. सगळं पुढे उसाला, भुईमुगाला मिळतं. शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राचं तसं नाही. तिथे थंडाव्यासाठी पाण्याची वाफ होते. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंदच पडलं होतं.

तलावाच्या 454 दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी सुमारे 142 मृत साठा. तो कालव्यात उतरत नाही, त्यामुळे त्यातून वीजही नाही. तरी टंचाईत बीड शहराची तहान त्याच्यावरच भागते. आणि बीड तलावापेक्षा सुमारे 80 मीटर उंचावर आहे. दहा मीटर पडताना हजार लिटर पाणी जेवढी ऊर्जा देतं, त्याच्या आठपट ऊर्जा तेवढंच पाणी बीडला चढवायला लागते. जलवाहिनीतलं घर्षण आणि पंपातली घट वेगळीच.