घर महागले, तर महागाई वाढली काय?

रत्नागिरीच्या बाजारात तांदूळ, डाळ वा मासळी यांचे भाव चढले, की घरोघरी महागाईची चर्चा सुरू होते. परंतु अशा चर्चेवरून देशातील महागाई ठरविता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरमहा ठिकठिकाणचे भाव गोळा करून ग्राहक किंमत निर्देशांक काढते. ज्या वस्तूवर लोकांचा खर्च अधिक, तिला त्यात अधिक भार दिलेला असतो.

मग तांदळाप्रमाणे घराची किंमतही या हिशेबात धरावी काय?

रत्नागिरीतील तीन कुटुंबे डोळ्यांपुढे आणा. पहिले आजोबांनी बांधलेल्या जांभ्या दगडाच्या घरात राहते. दुसरे भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिसरेही भाडेकरूच आहे; पण स्वतःच्या घरासाठी ते पैसा साठवीत आहे. समजा, घरांच्या किमती एकाएकी वाढल्या आणि भाडी मात्र तेवढीच राहिली. पहिल्याचा खर्च वाढत नाही. उलट त्याच्या मालमत्तेचे मोल वाढते. दुसऱ्याचाही खर्च तोच राहतो. तिसऱ्याचे घर मात्र आणखी दूर जाते.

तांदूळ खाल्ला की संपतो; घर तसे संपत नाही. ते पिढ्यानपिढ्या निवारा देते आणि विकले तर पैसाही देते. म्हणून निवारा आणि मालमत्ता यांचा विचार निराळा करतात. निवाऱ्याचे मोल भाड्यावरून कळते व तेवढेच निर्देशांकात धरतात. २०१२ हे आधारवर्ष मानून केलेल्या भारताच्या शहरी निर्देशांकात घराचा भार शंभरात २१.६७ होता, ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला स्थानच नव्हते. अमेरिकेतही पूर्वी घरांच्या किमती धरीत असत. १९८३ पासून तेथे मालकाच्या घराचे मोल भाड्याच्या अंदाजाने ठरवू लागले.

ही रीत सयुक्तिक आहे. निर्देशांकात घरांच्या किमती मिसळल्या, तर आजोबांच्या घरात राहणाऱ्यांचाही खर्च वाढला, असे कागदावर दिसेल.

तथापि, तिसऱ्या कुटुंबाची अडचण त्यामुळे खोटी ठरत नाही. तापमापकाने वजन कळत नाही. त्यासाठी तराजूच लागतो. म्हणूनच राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये घरांच्या किमतींचा स्वतंत्र निर्देशांक सुरू केला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले, तरच तिन्ही कुटुंबांची स्थिती नीट कळते. कोणताही आकडा वाचताना तो काय मोजतो आणि काय सोडतो, हे आधी विचारावे.