विश्लेषण : गॅरेजमधून गाडी परत घेताना सही कशावर करता?

शनिवारची सायंकाळ. बोरीवलीत एस. व्ही. रोड असो की लिंक रोड, गॅरेजबाहेर धुऊन-पुसून लावलेल्या गाड्यांची रांग असते. काउंटरवर बिलासाठी ताटकळलेले ग्राहक असतात आणि 'इथे सही करा, गाडी बाहेर काढतो' असे सांगणारा कर्मचारी असतो. बहुतेक जण न वाचताच सही करून मोकळे होतात. त्या सहीच्या वरच 'काम समाधानकारक झाले, गाडी सुस्थितीत मिळाली' अशी ओळ छापलेली असते. दोन दिवसांनी दारावर ओरखडा दिसला किंवा ब्रेक पुन्हा वाजू लागला, की हाच कागद ग्राहकापुढे धरला जातो. म्हणून गाडी परत घेतानाची ती दहा मिनिटे महत्त्वाची ठरतात.

गाडी गॅरेजमध्ये असताना जबाबदारी कोणाची?

दुरुस्तीसाठी गाडी सोपवणे हा कायद्याच्या भाषेत 'निक्षेप' असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी गॅरेजचालकाने गाडीची घ्यायला हवी. ठरल्यापलीकडे गाडी वापरली, म्हणजे कर्मचारी ती स्वतःच्या कामासाठी घेऊन गेला आणि नुकसान झाले, तर कलम १५४ नुसार भरपाई गॅरेजने द्यायची. काम पूर्ण झाल्यावर गाडी परत देणे हेही त्याचे कर्तव्य आहे (कलम १६०). त्याच्या चुकीमुळे ती वेळेत परत मिळाली नाही, तर त्या वेळेपासून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते (कलम १६१). उपनगरात अनेक गॅरेजना स्वतःची जागा अपुरी असल्याने तयार गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. गाडी दाराबाहेर लावली, एवढ्याने ही जबाबदारी संपत नाही.

पैसे दिले नाहीत तर गॅरेज गाडी अडवू शकते?

हो, पण फक्त त्या कामाच्या पैशांसाठी. कलम १७० मध्ये यासाठी धारणाधिकार दिला आहे. वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. कायद्यातच उदाहरण आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे. दुसरे उदाहरण शिंप्याचे आहे. कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिन्यांची सवलत देईन, असे त्याने आधी कबूल केले असेल, तर पैशांसाठी त्याला कोट अडवता येत नाही. गॅरेजलाही हेच लागू होते. तुमच्या दुसऱ्या गाडीची जुनी थकबाकी दाखवून ही गाडी रोखता येत नाही. तसा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँका, वकील अशा मोजक्यांनाच दिला आहे. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो.

बिल पटले नाही, पण गाडी तर हवी आहे?

अशा वेळी काउंटरवर हुज्जत घालत बसल्याने गाडी सुटत नाही. बिलाच्या प्रतीवर 'रकमेस हरकत आहे, हक्क राखून पैसे भरत आहे' असे लिहून तारीख घालावी, सही करावी आणि त्याचा फोटो काढावा. पैसे रोख न देता यूपीआय किंवा कार्डने द्यावेत. त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर हरकतीची कारणे मुद्देसूद कळवावीत. समाधानपत्रावर सही मागितली, तर तिथेही उरलेल्या त्रुटी लिहूनच सही करावी.

बिलात काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे गाडी देताना भरलेले जॉब कार्ड आणि अंदाजपत्रक बिलाशेजारी ठेवणे. न विचारता वाढवलेले काम तिथेच उघड होते. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवलेली हवी. बदललेले जुने भाग परत मागावेत. वॉरंटी, विमा किंवा अदलाबदलीत ते कंपनीकडे जातात. तेव्हा निदान पाहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही तेवढाच. कर आकारणाऱ्या गॅरेजच्या बिलावर १५ अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रात त्याची सुरुवात २७ ने होते. नोंदणी नसलेल्या गॅरेजला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. 'बिल नको असेल तर कमी करतो' हा सौदा मात्र टाळावा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय बिल नसेल तर पुढे दाद मागताना हातात पुरावा उरत नाही.

विम्यातून काम झाले असेल तर?

'कॅशलेस' म्हणजे शून्य खर्च नव्हे. सर्वसाधारण पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर नाही. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी किमान १००० रुपये ग्राहकाला भरावे लागतात. त्यामुळे आपला वाटा किती आणि कशापोटी, हे लेखी घेऊनच पैसे भरावेत. विमा कंपनीची मंजुरी यायची असल्याने काम होऊनही गाडी अडकते. न्यायला निघण्यापूर्वी ती आली का, हे फोनवर विचारावे.

दहा मिनिटांत काय तपासावे?

शक्यतो गाडी सकाळी घ्यावी. रंगातला फरक आणि बारीक ओरखडे ट्यूबलाइटमध्ये दिसत नाहीत, आणि सायंकाळच्या कोंडीत ट्रायल घेऊन ब्रेक किंवा सस्पेन्शनचा अंदाज येत नाही.

• किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा जॉब कार्डशी जुळवा.
• इंजिन सुरू झाल्यावर डॅशबोर्डवर एखादा इशारा-दिवा पेटलेला राहतो का पाहा.
• ऑइलची पातळी, टायरमधील हवा, चाकांचे नट तपासून घ्या.
• स्टेपनी, जॅक, फास्टॅग, कागदपत्रे जागेवर आहेत ना, ते बघा.
• मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल घ्या. ज्या तक्रारीसाठी गाडी दिली, ती आधी तपासा.
• वॉरंटीतील गाडी असेल तर सर्व्हिसची नोंद झाल्याची खात्री करा.
• दुचाकीचे ब्रेक, चेन आणि दिवे चालवून पाहा.

गाडी गॅरेजमध्ये सोडताना चारही बाजूंनी व्हिडीओ काढलेला असेल, तर ओरखडा आधीचा की नंतरचा, हा वाद मिनिटभरात मिटतो.

दाद कुठे मागायची?

गॅरेजच्या बिलाचा वाद हा आरटीओचा विषय नाही. पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे तडजोड झाली नाही तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहे; त्याचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे गॅरेज ठाण्यात किंवा वसईत असले तरी बोरीवलीकराला वांद्र्यात दाद मागता येते. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

रिक्षाचालकालाही हा दरवाजा खुला आहे. व्यवसायासाठी घेतलेली सेवा एरवी या कायद्यात बसत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वाहन वापरणारा 'ग्राहक' मानला जातो. त्याची गाडी एक दिवस अडली की घरातली त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून काउंटरवर पेन हातात घेण्याआधी किल्ली मागावी. गाडी पाहून, चालवून झाली की मग सही.