विमानाचा वेळ कुठे जातो?

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे आपण वर्गात शिकवतो. हे सूत्र विमानाच्या वेळापत्रकाला लावून पाहू.

आधी अंतर काढू. त्यासाठी नकाशासंग्रह पुरतो. छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) चिकलठाणा विमानतळ सुमारे 19.9 अंश उत्तर, 75.4 अंश पूर्व येथे आहे, मुंबईचा 19.1 उत्तर, 72.9 पूर्व येथे. अक्षांशांतला फरक 0.8 अंश. एका अंशाचे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर 89 किलोमीटर. रेखांशांतला फरक 2.5 अंश. पण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, म्हणून येथे 111 ला अक्षांशाच्या कोसाइननेही (0.94) गुणायचे. पूर्व-पश्चिम अंतर येते 261 किलोमीटर. आता पायथागोरसचा सिद्धांत लावला की सरळ अंतर मिळते सुमारे 275 किलोमीटर. मनमाडवरून वळसा घेणारा लोहमार्ग याहून सुमारे शंभर किलोमीटर लांब आहे. याच रीतीने दिल्ली येते सुमारे 980 किलोमीटरवर.

आता वेळ पाहू. वेळापत्रकात मुंबईला साधारण 65 मिनिटे आणि दिल्लीला साधारण 120 मिनिटे दिलेली असतात. भागाकार केला तर मुंबईच्या विमानाचा वेग येतो ताशी 254 किलोमीटर, दिल्लीच्या विमानाचा 490! दोन्हीकडे सारखेच जेट विमान गेले तरी हा फरक राहतो. मग चुकते कुठे?

सूत्र बरोबर आहे; पण ते वेग कायम असताना चालते. वेळापत्रकातला वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, उड्डाणाची पाळी येणे, उंची गाठणे, वळणे घेणे, उतरणे या सगळ्याला प्रवास छोटा असो की मोठा, जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. वीजबिलात युनिटांच्या आकाराशिवाय 'स्थिर आकार' असतो, तसेच हे.

हा स्थिर वेळ काढता येतो. दिल्ली मुंबईपेक्षा 705 किलोमीटर अधिक दूर, वेळ 55 मिनिटे अधिक. म्हणजे हवेत मिनिटाला 12.8 किलोमीटर, ताशी सुमारे 770. जेट विमानाला हा वेग शोभतो. या वेगाने 275 किलोमीटरना लागतील साडेएकवीस मिनिटे. 65 मधून ती वजा केली की उरतात सुमारे 43 मिनिटे. मुंबईच्या प्रवासातला दोन-तृतीयांश वेळ हाच! जवळच्या पल्ल्यावर वेगवान रेल्वे विमानाशी स्पर्धा करू शकते, त्याचे एक कारण यात आहे.

मात्र कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच. तेवढ्याने नियम सिद्ध होत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना तिसरा बिंदू द्यावा. हैदराबाद विमानतळ येथून सुमारे 430 किलोमीटरवर आहे. आपल्या हिशेबाने सुमारे 77 मिनिटे लागायला हवीत. वेळापत्रक पाहून ताळा करू द्या. पंख्याचे विमान असेल तर वेळ जास्त येईल. तो का, हेही त्यांनाच शोधू द्या.