आठवड्यातून दोन दिवसांच्या मॅडम

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. नागपुरातल्या ज्या बचत गटासोबत मी काम करते, त्या गटातल्या बायका रात्री अकरा-अकरापर्यंत डबे बांधत होत्या. सावजी मसाला, जवसाची चटणी, सांडगी मिरची, कुरडया. मोबाइलवर सारख्या ऑर्डरी येत होत्या. सगळ्यांना वाटलं, यंदा लक्ष्मी पावली! दिवाळी झाल्यावर हिशेबाला बसलो, तर मिरचीवाल्याची उधारी फेडायलाही पैसे पुरेनात.

‘एवढा माल गेला, मग पैसा गेला कुठं जी?’ गटाच्या अध्यक्ष काकूंनी विचारलं. कुणाजवळच उत्तर नव्हतं. मी आपली बी.ए. मराठी, माझ्याजवळ तरी कुठून असणार?

उत्तर नंतर सापडलं, तेही साध्या बेरजेत. मैत्रिणींनो, तुम्हीही वहीत मांडून बघा. २०० रुपयांचा मसाल्याचा डबा आम्ही २० रुपये सूट देऊन १८० ला विकला. माल ९० चा, वेबसाइटवाल्यांचं कमिशन २५, कुरिअर ४५, बरणी आणि खोका १५. उरले ५ रुपये. ही सूट द्यायला सांगितलं होतं एका सल्लागारांनी, आणि त्यांचा मेहनताना होता विक्रीवर ३ टक्के. म्हणजे ते ५ रुपयेही त्यांच्याच खिशात! दहात एखादा डबा परत येतोच. खाण्याचा माल परत विकता येत नाही, म्हणजे माल, खोका आणि कुरिअर मिळून १५० रुपये पाण्यात. परतीचं कुरिअर यात धरलेलंच नाही. जितकं जास्त विकलं तितकं जास्त बुडालो, अन् त्यांना मात्र जितकं जास्त विकलं तितकं जास्त मिळालं.

त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपणच मेहनताना चुकीच्या गोष्टीला बांधला होता.

एक कळलं, की या धंद्यात मुरलेलं कुणीतरी हवं. पण अशा अनुभवी माणसाला महिन्याचा पगार द्यायचा, तर गटाच्या बायकांच्या हाती काय राहणार? एका सदस्येची मुलगी पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, ‘मावशी, पूर्ण कशाला? थोडा वेळ घ्या. मोठ्या शहरांत नव्या कंपन्या असंच करतात. हिशेबाचे साहेब आठवड्यातून एक दिवस, विक्रीच्या मॅडम दोन दिवस. त्याला फ्रॅक्शनल म्हणतात.’ नाव ऐकून आम्ही हसलो, पण गोष्ट काही नवी नव्हती. नागपूरचा मोठा डॉक्टर शनिवारी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पेशंट तपासतोच की! तालुक्याला तो रोज परवडत नाही, आणि त्याची रोज गरजही नसते. कायद्याचीही आडकाठी नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे पूर्णवेळ मोठे अधिकारी नेमायची सक्ती आहे ती शेअर बाजारातल्या आणि १० कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या सार्वजनिक कंपन्यांना. आपण कुठे तेवढे मोठे!

या निमित्ताने मला लिज्जत पापडाची आठवण झाली. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्याकडून ते पैसे घेतले, ते छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पा या बायकांचे मार्गदर्शक झाले. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं, एकच करा, चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा. अनुभवी माणसाने एवढं सांगणं, हेच तर मोठं काम! पण पापड बायकांचा होता आणि संस्थाही बायकांचीच राहिली.

आपल्या माविमचंही तसंच. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या लोकसंचालित साधन केंद्रांत पगारी व्यवस्थापक असतात, पण कार्यकारिणी असते बचत गटांतल्या बायकांची. शिकलेला माणूस कामाला आहे म्हणून तो मालक होत नाही.

शेवटी ओळखीतून एक मॅडम मिळाल्या. दुकानांच्या एका मोठ्या साखळीत चौदा वर्षं खरेदी आणि हिशेब सांभाळलेल्या. सासऱ्यांच्या आजारपणामुळे नोकरी सोडून नागपूरला आलेल्या. घर सांभाळून आठवड्याचे दोन दिवस देऊ शकत होत्या. पण त्यांची फी ऐकली आणि बैठकीत एकच गलका झाला.

‘आमाले दिवसाचे तीनशे, अन् या बाईले दोन दिवसाचे एवढे? काऊन?’ एक जण उठून बोलली. खरं सांगते, मला राग आला नाही. तिचं दुखणं खरं होतं. उन्हात मिरच्या वाळवणारी ती, आणि पंख्याखाली बसून कॉम्प्युटर बघणारीला जास्त! मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तीन महिने बघा. तोटा थांबला नाही, तर चौथ्या महिन्यापासून मला बोलावू नका.’ त्यावर ठराव झाला.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी काकूंच्या कुरडया ऑनलाइनवरून काढल्या, कारण कुरिअरमध्ये त्यांचा चुरा होत होता. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. ‘गट मी उभा केला, अन् ही काल आलेली माझ्या कुरडया बंद करते!’ मी दोघींच्या मधे चहाच्या फेऱ्या घालत होते. मग मॅडम स्वतः काकूंच्या घरी गेल्या आणि परत आलेली पाकिटं त्यांच्यापुढे उघडली. काकूंनी तो चुरा हातात घेतला आणि गप्प झाल्या. आता कुरडया इथल्याच प्रदर्शनांत जातात, अन् तिथे उरत नाहीत.

दुसरं काम, एकेकटा डबा पाठवणं बंद. तीन डब्यांचा संच केला, म्हणजे एकच कुरिअर तिघांत वाटलं गेलं. सूट बंद. ऑर्डरी कमी झाल्या, बायका धास्तावल्या. पण तिसऱ्या महिन्यात मिरचीवाल्याची उधारी फिटली. लखपती कुणी झालं नाही, पण मजुरी वेळेवर मिळू लागली. उठून बोललेली ती ताईच आता मॅडमकडून हिशेब लिहायला शिकते आहे.

तुमच्या गटाला किंवा घरगुती धंद्याला असं कुणी नेमायचं असेल, तर आमच्या ठेचांमधून एवढं शिका. आधी आपलं दुखणं एका वाक्यात लिहा. ‘विक्री वाढवा’ असं नको, ‘परत येणारा माल कमी करा’ असं नेमकं लिहा. दिवस, तास, फी आणि मुदत कागदावर घ्या, ओळखीचं माणूस असलं तरी. फी ठरलेली ठेवा. टक्केवारी द्यायचीच असेल, तर सगळा खर्च आणि परतीचा माल वजा करून उरेल त्यावर द्या. बँकेचा पासवर्ड, ओटीपी आणि विक्रीच्या खात्याचा मोबाइल नंबर गटाकडेच ठेवा. आपलीच कृती दुसरीकडे जाणार नाही, हेही लिहून घ्या. कायदा माहीत आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेतल्या छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, फक्त पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. हे सांगणारं कुणी असेल, तर फी तिथेच वसूल. आणि शेवटचं, त्यांच्या हाताखाली आपली एक मुलगी शिकायला बसवाच.

आपल्या गावात शिकून-सवरून, मोठ्या नोकऱ्या करून घरात बसलेल्या किती तरी जणी आहेत. कुणी मुलांसाठी, कुणी म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांना पूर्ण दिवस जमत नाही, अन् आपल्याला पूर्ण पगार परवडत नाही. दोघींची गाठ पडायला काय हरकत आहे?

परवा मॅडम काकूंना म्हणाल्या, ‘आता आठवड्यातून एकच दिवस येते, तुमचं तुम्हाला जमतंय.’ काकू म्हणाल्या, ‘ये ना, पण कुरडया खायला ये!’