सिनेमाला कुलूप

आमच्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा येई. रिळे पत्र्याच्या पेटीत एस.टी.ने येत. गाडी चुकली की खेळ बंद. लोक कंदील घेऊन घरी परतत.

आता रिळे गेली. जळगाव-धुळ्याच्या टॉकीजमध्ये सिनेमा आकड्यांच्या रूपाने येतो. कधी लहान डबीत, कधी उपग्रहावरून. रिळाची नक्कल करणे अवघड होते. आकड्यांची नक्कल सहज होते. म्हणून त्यांना कुलूप लावतात.

हे कुलूप लोखंडाचे नव्हे. पाटी घ्या. ‘कमल’ लिहा. आता प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे अक्षर लिहा. क चा ख, म चा य, ल चा व. झाले ‘खयव’. परक्याला काय कळणार? पण ‘एक घर मागे या’ हे ज्याला ठाऊक, तो लगेच ‘कमल’ वाचील. ही झाली किल्ली. आमची किल्ली पोरेही शोधतील. यंत्राच्या किल्ल्या मात्र इतक्या तऱ्हेच्या, की त्यांची संख्या लिहायला 39 आकडे लागतात! एकेक लावून पाहणाऱ्याचा जन्म सरेल.

सिनेमा आधी येतो, किल्ली वेगळी येते. जळगावच्या यंत्राची किल्ली धुळ्याच्या यंत्राला लागत नाही. किल्लीला मुदतही असते. मुदत सरली, की सिनेमा जवळ असूनही दिसत नाही. किल्ली वेळेवर आली नाही तरी तेच. एस.टी. चुकल्यासारखेच म्हणा!

मोबाईलवरही हाच प्रकार. वर्गणी भरून सिनेमा उतरवून घेतला, तरी तो शेजाऱ्याच्या मोबाईलवर चालत नाही. वर्गणी थांबली, की आपल्याही मोबाईलवर बंद. लोक विचारतात, “पैसे मोजले, मग माल कुठे गेला?” भाऊ, तो माल विकतचा नव्हता, भाड्याचा होता. हे आधी मोठ्या अक्षरांत सांगत नाहीत, ते आम्हांला पटत नाही.

पण कुलूपच नको, असेही म्हणवत नाही. अहिराणी गाणी म्हणणारा आपलाच गडी. वाजवणाऱ्यांचे पैसे तो पदरचे भरतो. गाणे मेमरी कार्डावर फुकट फिरले, तर त्याच्या हाती काय येणार? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली एक कलम घातले. दुसऱ्याचा हक्क बुडवण्यासाठी असे कुलूप तोडले, तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

एक चोरी मात्र कुलपाने अडत नाही. टॉकीजमध्ये बसून पडद्यावरचा सिनेमा मोबाईलने टिपणे. त्याला 2023 च्या कायद्याने 3 महिने ते 3 वर्षे कैद आणि निदान 3 लाख रुपये दंड आहे. शिवाय चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळता येते. नक्कल हाती आली, की ती कोणत्या टॉकीजमध्ये, कोणत्या दिवशी, किती वाजता टिपली, हे त्या खुणेवरून निघते.