देवयानीचा ठाव

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आम्ही कोकणातल्या घराच्या अंगणात बसलो होतो. अमावास्येचे आकाश, शहरात कधी दिसायचे नाही असे! उत्तरेकडे उंचावरचा एक फिकट डाग मी कन्येला दाखवला. "ही देवयानी दीर्घिका. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर."

"बाबा, पण मोजले कसे?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. देवयानी-शर्मिष्ठेचे भांडण तासभर रंगवीन. हे कुठून सांगणार? विषय चकल्यांवर नेला. परतल्यावर मात्र मुकाट्याने ग्रंथालय गाठले.

जवळच्या ताऱ्यांचे त्यामानाने सोपे. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटा. बोट सरकल्यासारखे दिसते. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, तेव्हा जवळचा ताराही असाच किंचित सरकलेला दिसतो. १८३८ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे अंतर याच युक्तीने काढले. देवयानीपुढे ही युक्ती लंगडी पडते.

तिथे वाट दाखवली हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन बाईने. हार्वर्ड वेधशाळेत काचेवरची छायाचित्रे तपासायची, मजुरी तासाला ३० सेंट. कानांनी फारसे ऐकू येत नसे.

काही तारे ठराविक मुदतीने उजळतात नि मंदावतात. वृषपर्वा तारकासमूहातल्या अशा एका ताऱ्यावरून त्यांना 'सेफीड' म्हणतात. लहान मॅगेलन मेघातले असे २५ तारे बाईंनी अभ्यासले. ते सगळे आपल्यापासून जवळपास सारखेच दूर. तेव्हा जो ठळक दिसतो, तो खरोखरच ठळक. १९१२ साली निष्कर्ष निघाला: फेरा जितका लांब, तितका तारा तेजस्वी. पत्रक संचालक पिकरिंग यांच्या सहीने निघाले. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचा आत उल्लेख होता, एवढेच.

आता पाहा. अंधारात दिवा मिणमिणतो. जवळची पणती की लांबची गॅसबत्ती, कळत नाही. गॅसबत्ती आहे हे कळले, की मंदपणावरून अंतर निघते. सेफीड आपल्या फेऱ्याने आपली जात सांगतो. जवळच्या काही सेफीडांची अंतरे दुसऱ्या मार्गाने ठरवली, की मोजपट्टी तयार!

१९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबलला देवयानीत असा तारा सापडला. फेरा सुमारे ३१ दिवसांचा. हिशेब निघाला सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांचा. पुढे मोजपट्टी सुधारली, आकडा वाढला. पण तो डाग आपल्या आकाशगंगेबाहेरचा, हे तेव्हाच ठरले. पुराणात देवयानीचे वृषपर्व्याच्या लेकीशी कधी पटले नाही. तिचा ठाव सांगितला मात्र वृषपर्व्याच्याच गोत्रातल्या ताऱ्याने!

१९२५ मध्ये मिटाग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञाने लेव्हिटबाईंना आदराने पत्र धाडले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवावे असे त्याच्या मनात होते. बाई १९२१ च्या डिसेंबरातच कर्करोगाने वारल्या होत्या.