परळची लस

मुंबईत परळला केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांच्या वर्दळीपासून काही पावलांवर हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी दगडी वास्तू उभी आहे. ही जागा मूळची ख्रिस्ती धर्मगुरूंची होती, पुढे ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. पुण्यातल्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना, १८८२ साली, त्यांच्या पत्नीचा इथेच पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंट गाठले. साथीच्या रोगाने रिकाम्या केलेल्या या घरात १० ऑगस्ट १८९९ रोजी साथीच्या रोगावरची प्रयोगशाळा सुरू झाली.

ती उभारणारे वाल्देमार हाफकिन हे ओडेसात शिकलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमधून लोकांना लस टोचू लागले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिनना मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या संसारावर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

लस करण्याची रीत ऐकताना आजही नवल वाटते. काचेच्या मोठ्या चंबूत मांसाचा रस्सा भरायचा आणि त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. गाई-डुकराचे मांस इथे चालणार नव्हते, म्हणून बोकडाचे वापरले. तरंगणाऱ्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत्या झुंबरांसारखे वाढत जात. चंबू हलवला की ती झुंबरे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढू लागत. काही आठवडे असे पीक घेतल्यावर सगळा रस्सा तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. मेलेले जंतू आणि त्यांनी रश्श्यात सोडलेले विष, दोन्ही लसीत ठेवण्यावर हाफकिन यांचा कटाक्ष होता. जंतूंमुळे रोग लागण्याची शक्यता घटेल आणि विषाच्या ओळखीमुळे लागलाच तर मरण टळेल, असा त्यांचा हिशेब होता.

मेलेला जंतू टोचून जिवंत जंतूपासून बचाव कसा होतो, याचा उलगडा पुढे सावकाश होत गेला. आपल्या रक्तात आणि लसिकाग्रंथींत असंख्य पांढऱ्या पेशी फिरत असतात आणि त्यांतल्या एका प्रकारची प्रत्येक पेशी एका ठरावीक आकाराच्या रेणूलाच चिकटू शकते. जंतू शिरला की त्याच्या आवरणातल्या प्रथिनांशी जुळणारी पेशी सापडावी लागते, तिची फौज वाढावी लागते आणि मग प्रतिपिंडे तयार होतात. या कामाला दिवस लागतात, आणि प्लेग तेवढी सवड देत नाही. लसीतला जंतू वाढू शकत नाही, पण त्याचे आवरण बरेचसे शाबूत असते. तेवढ्या ओळखीवर शरीर तयारीला लागते. टोचल्यावर येणारा ताप आणि दुखरा दंड हा त्याच धावपळीचा भाग. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, काही मात्र आठवण धरून उरतात आणि खरा जंतू आला की फार लवकर उठतात. म्हणूनच तापवण्याचे माप नेमके हवे. कमी तापवले तर जंतू जिवंत राहतो आणि जास्त तापवले तर ओळखीची खूणच बिघडते.

पण लस बनली म्हणजे ती लागू पडते असे नाही. त्यासाठी न टोचलेल्यांशी तुलना हवी. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही, आणि दोन्ही गटांची नोंद ठेवली गेली. याहून काटेकोर प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी झाला. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणीही तेच. फरक फक्त लसीचा. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

हे आकडे कागदावर कितीही ठळक असले, तरी लोक दंड पुढे करायला तयार नव्हते. पुण्यात प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोजीर घरात घुसून झडती घेत होते आणि माणसांना उचलून छावण्यांत नेत होते. त्या सरकारची सुई विश्वासाने कोण घेणार? हाफकिन यांची लस ऐच्छिक होती. आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष ती टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा अनुयायांची भीड चेपली.

हा विश्वास १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दिवसात ढासळला. ३० ऑक्टोबरला तिथे पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, कारण हाफकिननी कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्यांना निलंबित करण्यात आले. पण मेलेले सगळे ‘५३-एन’ या एकाच बाटलीतले होते, बाकी चार बाटल्यांनी कोणालाही अपाय केला नव्हता. शिवाय गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे बाजू मांडल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते.

पुढे परळला सर्पदंशावरचे औषधही तयार होऊ लागले. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढून माणसाला देतात. दंशावर याचा उतारा तातडीने पडतो, पण उसन्या प्रतिपिंडांची आठवण शरीराला राहत नाही. लसीला उशीर लागतो तो शरीर स्वतः शिकते म्हणून. १९७५ मध्ये उत्पादनाचा विभाग वेगळा होऊन हाफकिन महामंडळ झाले. या महामंडळाने पोलिओचे थेंबही पुरवले.

हाफकिन यांच्या लसीतही उणिवा होत्या. तिचा असर काही महिनेच टिकत असे आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती तोकडी पडे. प्रतिजैविके आल्यावर तिची गरजही ओसरली. तिच्याभोवती घडलेली शिस्त मात्र आजच्या प्रत्येक लसीला लागू आहे: टोचलेल्यांची न टोचलेल्यांशी तुलना, लोकांच्या समजुतीची कदर आणि प्रत्येक बाटलीवर क्रमांक. मुलकोवालच्या बाटल्यांवर क्रमांक नसते, तर एका चिमट्याचा दोष कायमचा लसीच्या माथी बसला असता.